अष्टमांश इंचाची मीमांसा

ज्या विषयाच्या अभ्यासाने कोणाचेही भले होत नाही, तो अभ्यास निःस्वार्थ मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या कसोटीवर अमेरिकी फुटबॉलपटूची वीत हा विषय प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होतो. दरवर्षी हिवाळा सरता सरता इंडियानापोलिस शहरात तीनशेहून अधिक धष्टपुष्ट तरुणांना पाचारण केले जाते. तोकड्या चड्डीवर त्यांना ओळीने उभे करतात. मग पोक्त वयाची माणसे त्यांच्या अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर इंचाच्या अष्टमांशापर्यंत मोजतात आणि टिपून घेतात. त्या आकड्यावर पुढे दोन महिने वर्तमानपत्रांत रकाने भरतात. याहून कमी सामग्रीवर आपल्या विद्यापीठांनी पीएच.डी. दिलेल्या आहेत, तेव्हा पुढील विवेचनाबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही.

विषयप्रवेश

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड, आणि दर काही सेकंदांनी मैदानावर माणसांचा ढीग. या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. एप्रिलच्या अखेरीस हे संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात, अडीचशेवर नावे पुकारली जातात, आणि गेल्या हंगामात ज्याची सर्वांत जास्त फजिती झाली त्या संघाला पहिला मान मिळतो. खेळाडूला कुठे जायचे आहे, हे त्याला कोणी विचारत नाही.

निवड करणाऱ्यापुढे दोन साक्षीदार असतात. एक देह, दुसरे कर्म. कर्म म्हणजे तीन-चार वर्षे दर शनिवारी हजारो प्रेक्षकांपुढे केलेला खेळ. तो चित्रित झालेला असतो, पुनःपुन्हा पाहता येतो. देह मात्र इंडियानापोलिसच्या कम्बाइन नावाच्या मेळाव्यात मोजला जातो. उंची, वजन, हाताची लांबी, वीत, ४० यार्डांची धाव, उभ्याने मारलेली उडी, आणि २२५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १०२ किलोंचे, वजन छातीवरून किती वेळा उचलता येते त्याची मोजणी. ज्यांनी जुन्या पद्धतीचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम पाहिला आहे, त्यांना हा मेळावा वेगळा समजावून सांगायला नको. मुलगी पदवीधर आहे, नोकरी करते, हे पत्रिकेबरोबरच कळलेले असते; तरी "जरा चालून दाखव" हे व्हावेच लागते.

चार वर्षांची साक्ष आणि एका सकाळची साक्ष यांत वजन कोणाचे, असा हा प्रश्न आहे. यावर दोन संप्रदाय आहेत. सोयीसाठी त्यांना देहवादी आणि कर्मवादी म्हणू.

पूर्वपक्ष : देहवादी

देहवाद्यांचा मूळ सिद्धांत असा की खेळ शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही. हे खोडून काढणे कठीण आहे. साडेसहा फूट उंच, दीडशे किलो वजनाची आणि तरीही चपळ माणसे पृथ्वीवर मोजकीच आहेत. दिसेल ती उचलावी, बाकीचे नंतर बघू.

या मताचे सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे जॉर्डन मायलाटा. हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू. उंची ६ फूट ८ इंच, वजन सुमारे १५७ किलो. २०१८ साली फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतले, तेव्हा तो आयुष्यात अमेरिकी फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. महाविद्यालयीन कर्माची पाटी पूर्ण कोरी, देहाचा रकाना मात्र ओसंडून वाहणारा. पुढे तो त्या संघाच्या आघाडीच्या भिंतीतला पक्का खांब झाला. देहवाद्यांनी मायलाटाची तसबीर कचेरीत लावायला हरकत नाही.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत देहवाद अधिक सूक्ष्म होतो. हा खेळाडू चेंडू फेकतो. त्याच्यासमोर स्वपक्षाचे पाच आणि परपक्षाचे चार असे सव्वासहा-साडेसहा फुटी देह एकमेकांना ढकलत असतात. त्या भिंतीपलीकडचे दिसायला हवे, म्हणून उंची हवी. डिसेंबरात पिट्सबर्ग किंवा ग्रीन बे इथे बर्फ पडत असताना ओला चेंडू हातातून निसटू नये, म्हणून वीत हवी. कारणे अगदी पटण्यासारखी आहेत. इथवर कोणीही शहाणा माणूस देहवादी होईल.

पण प्रत्येक शास्त्रात एक क्षण असा येतो की साधन साध्याला खाऊन टाकते. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारी मंडळी, उंची चार आकड्यांत लिहितात. ५१०१ म्हणजे ५ फूट १० इंच आणि वर १ अष्टमांश. २०१९ साली कायलर मरे ५१०१ भरला आणि २०२३ साली ब्राइस यंगही ५१०१ भरला. दोघे चार वर्षांच्या अंतराने त्याच अष्टमांशावर येऊन थांबले आणि दोघेही आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडले गेले. यामागे काही ग्रहयोग असल्यास ज्योतिषशास्त्राने पाहावे.

बिल बार्नवेल नामक क्रीडालेखकाने धावपटूंसाठी, म्हणजे चेंडू काखेत घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकसाठी, एक सूत्र दिले आहे. खेळाडूचे पौंडांतील वजन २०० ने गुणावे, आणि ४० यार्डांच्या वेळेच्या चौथ्या घाताने भागावे. चौथा घात! न्यूटनने अख्खे सूर्यमंडळ दुसऱ्या घातात बसवले. प्रस्तुत लेखकाने हे गणित करून पाहिले. २१० पौंडांचा गडी साडेचार सेकंदांत धावला तर १०२ गुण पडतात, तोच ४.४ सेकंदांत धावला तर ११२. हे जादा दहा गुण वेग न वाढवता मिळवायचे असतील तर त्याला अंगावर सुमारे २० पौंड, म्हणजे नऊ किलो, चढवावे लागतील आणि तरी तेवढ्याच वेगाने धावावे लागेल. तात्पर्य, सेकंदाचा दहावा हिस्सा बरोबर नऊ किलो मांस. असे विनिमयाचे दर शायलॉकलाही सुचले नव्हते. सूत्र बरेच उपयोगी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. जड आणि वेगवान माणूस हलक्या आणि वेगवान माणसापेक्षा या खेळात जास्त टिकतो.

उत्तरपक्ष : कर्मवादी

कर्मवादी म्हणतात, माणूस काय आहे ते सोडा, त्याने काय केले ते बघा. त्यांचा आद्यपुरुष डग फ्लूटी. उंची ५ फूट १० इंच. १९८४ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च सन्मान, हाइझमन ट्रॉफी, त्याला मिळाला. मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी फेकलेला त्याचा लांबलचक चेंडू अमेरिकेत आजही दाखवतात. तो दुसऱ्या एका लीगशी करारबद्ध झाला होता हे खरे, तरी १९८५ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव अकराव्या फेरीत, २८५ व्या क्रमांकावर यावे, यात उंचीचा वाटा नव्हता असे म्हणवत नाही. फ्लूटी पुढे कॅनडात गेला आणि तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू सहा वेळा ठरला. कॅनडात मोजपट्ट्या नसाव्यात.

त्याच्यामागून ड्रू ब्रीझ आला. सहा फूट उंचीमुळे २००१ साली पहिली फेरी हुकली. पुढे न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम लढत, जिंकून दिला. रसेल विल्सन ५ फूट १० इंच आणि ५ अष्टमांश, म्हणून २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत बसून राहिला आणि दुसऱ्याच हंगामात सुपर बोल जिंकला. विल्सन यशस्वी झाल्यावर देहवादी गप्प बसले असतील अशी कोणाची समजूत असेल तर त्याने शास्त्रार्थ पाहिलेला नाही. विल्सनची वीत सव्वादहा इंच आहे, हे त्यांनी ताबडतोब शोधून काढले. एका अवयवाने दगा दिला की दुसरा अवयव साक्षीला हजर. हेच देहवादाचे अमरत्व.

बचावपटूंत सॅम मिल्स ५ फूट ९ इंच, त्याला कोणीच निवडले नाही. झॅक थॉमस ५ फूट ११ इंच, त्याला पाचव्या फेरीत घेतले. दोघेही आज या खेळातल्या थोरांच्या मालिकेत, हॉल ऑफ फेममध्ये, आहेत. पण कर्मवाद्यांचा ब्रह्मास्त्र म्हणावा असा पुरावा २०१४ चा आहे आणि तो एकाच संघाच्या एकाच संध्याकाळचा आहे. त्या दिवशी रॅम्स संघाला पहिल्या फेरीत दोन निवडी होत्या. दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी ग्रेग रॉबिन्सन घेतला: ६ फूट ५ इंच, ३३२ पौंड, आणि एवढा देह पाच सेकंदांच्या आत ४० यार्ड धावणारा. तेराव्या क्रमांकावर ॲरन डोनाल्ड घेतला: सहा फुटांवर इंचभरही नाही, २८५ पौंड. त्याच्या जागेसाठी हा देह ठेंगणा आणि हलका समजला जातो. डोनाल्डने आदल्या वर्षी चार मोठे राष्ट्रीय पुरस्कार एकट्याने नेले होते, तरी बारा जण त्याच्या आधी गेले. रॉबिन्सनला तीन हंगामांनंतर संघाने दुसरीकडे पाठवून दिले. डोनाल्ड लीगचा सर्वोत्तम बचावपटू तीन वेळा ठरला. म्हणजे एकाच टेबलाभोवती बसलेल्या त्याच माणसांनी एकाच संध्याकाळी देहवादही अजमावला आणि कर्मवादही. त्यांना शहाणे म्हणावे की मूर्ख, हे ठरवायला न्यायदर्शनातही प्रमाण सापडत नाही.

इथे कर्मवाद्यांनी नाचू नये. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड चेंडू फेकणारा केस कीनम आहे. ह्यूस्टन विद्यापीठासाठी त्याने १९,२१७ यार्ड चेंडू फेकला. जोडला तर साडेसतरा किलोमीटर भरतो. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या झाल्या आणि त्याचे नाव एकदाही आले नाही. हाइझमन मिळूनही न निवडलेले आहेत: २००३ चा विजेता जेसन व्हाइट तसाच राहिला, आणि १९९३ चा विजेता चार्ली वॉर्ड बास्केटबॉल खेळायला निघून गेला. स्काउट दुष्ट होते म्हणून हे घडले असे नाही. कर्म एकट्याचे नसते. टेक्सास टेकसारख्या विद्यापीठात खेळाची रचनाच अशी होती की जो कोणी क्वार्टरबॅक उभा राहील त्याच्या नावावर यार्डांचे डोंगर रचले जावेत. तिथल्या बी. जे. सिमन्सने २००३ च्या एका हंगामात ५,८३३ यार्ड फेकले आणि त्याला सातव्या फेरीत घेतले. पुढे त्याच विद्यापीठातून पॅट्रिक माहोम्स आला, तेव्हा अनेकांना हाही डोंगर त्याच मातीचा वाटला. दहाव्या क्रमांकावर तो गेला. तो डोंगर खरा निघाला.

डेव्हिड लुइन यांनी २००६ च्या सुमारास कर्माचाही हिशेब मांडला: क्वार्टरबॅकने महाविद्यालयात किती सामने सुरुवातीपासून खेळले आणि किती टक्के फेकी अचूक ठरल्या, एवढे दोनच आकडे पाहा. पण त्यात एक बारीक अट आहे. हा हिशेब फक्त पहिल्या दोन फेऱ्यांत निवडलेल्यांनाच लागू. म्हणजे स्काउटांनी आधी देह आणि खेळ पाहून चाळण लावायची, मग कर्माने त्यातले खडे वेचायचे. कर्मवाद्यांच्या ग्रंथाला देहवाद्यांची प्रस्तावना आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

अवयववृद्धीचा सिद्धांत

आता प्रस्तुत लेखकाचे स्वतःचे संशोधन. मानवी देहाचे माप स्थळकाळानुसार बदलते, असे आढळून आले आहे.

पहिला नियम: उंची इंडियानापोलिसच्या जवळ जाताना घटते. अलाबामा विद्यापीठाच्या यादीत ब्राइस यंग सहा फूट होता. कम्बाइनमध्ये तोच पावणेदोन इंचांहून अधिक खचला. उलट वजन वाढते: यादीत १९४ पौंड, कम्बाइनला २०४. नंतर विद्यापीठातल्या चाचणीच्या दिवशी मात्र त्याने काट्यावर पाय ठेवला नाही. निसर्गाने उंचीतून काढलेले वजनात भरून दिले असावे.

दुसरा नियम: हातापायांना मार्च महिन्यात पालवी फुटते. २०२२ मध्ये केनी पिकेटची वीत कम्बाइनमध्ये साडेआठ इंच भरली. क्वार्टरबॅकसाठी हा आकडा इतका लहान होता की राष्ट्रीय शोक व्हायचा बाकी राहिला. पिकेटने त्याआधीच्या एका मेळाव्यात मोजू दिले नव्हते. बोटे ताणण्याचा व्यायाम करायला वेळ हवा होता. मार्चमध्ये त्याच्या विद्यापीठात पुन्हा मोजले तर एक अष्टमांश वाढ. २०२५ मध्ये विल कॅम्पबेलचा हात कम्बाइनमध्ये ३२ इंच आणि ५ अष्टमांश. नंतर त्याच्याच विद्यापीठात मोजला तर ३३ इंच. मोजणाऱ्याचे प्रेम हे पदार्थविज्ञानातले एक दुर्लक्षित बल आहे.

कॅम्पबेल चौथ्या क्रमांकावर गेला. पिकेटला पिट्सबर्गने पहिल्या फेरीत विसाव्या क्रमांकावर घेतले, आणि त्या वर्षी पहिल्या फेरीत गेलेला तो एकमेव क्वार्टरबॅक. दोन महिने ज्या अष्टमांशाने देशाची झोप उडवली, त्याने शेवटी एकही माणूस पहिल्या फेरीबाहेर ढकलला नाही. २०२० मध्ये जो बरोची वीत नऊ इंच भरली, तेव्हा त्याने आपल्या छोट्याशा हातांतून चेंडू निसटणार, म्हणून निवृत्तीचा विचार करतो आहे, असे गमतीने जाहीर केले होते. पहिल्या क्रमांकावर गेला आणि दुसऱ्या हंगामात सुपर बोलपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये समोरासमोर आलेले दोन्ही क्वार्टरबॅक, माहोम्स आणि ब्रॉक पर्डी, सव्वानऊ इंच वितीचे. त्यातला पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा, म्हणजे साक्षात शेवटचा. शेवटच्या माणसाला तिथे "मिस्टर इर्रेलेव्हंट", म्हणजे श्रीयुत बिनमहत्त्वाचे, म्हणतात आणि त्याला एक करंडकही देतात. त्यावरच्या पुतळ्याच्या हातातून चेंडू निसटताना दाखवला आहे. वितीच्या शास्त्राला शिल्पकलेनेही मान्यता दिली ती अशी.

मग मोजतात कशाला? मोजलेल्याचा दोष मोजणाऱ्यावर येत नाही, म्हणून. १९८९ साली ग्रीन बेने दुसऱ्या क्रमांकावर टोनी मँडरिच घेतला. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, तीनशे पौंडांवर वजन, असा देह की लोक बघतच राहत. पुढचे तीन क्रमांक होते बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स. त्यातल्या बॅरीची उंची ५ फूट ८ इंच, आणि आदल्या हंगामात धावून काढलेले यार्ड २,६२८. पहिल्या पाचांतले चार हॉल ऑफ फेममध्ये गेले. राहिला तो मँडरिच. पुढे त्याने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. पण त्या दिवशी त्याला निवडणाऱ्याला कोणी नाव ठेवले नाही, कारण त्याच्याकडे आकडे होते. ५ फूट ८ इंचाचा माणूस पडला तर विचारतील, "दिसत नव्हते का?" साडेसहा फुटी माणूस पडला तर म्हणतील, "कोणाला कळणार होते?" मोजपट्टी खेळाडूपेक्षा कारकुनाच्या नोकरीचे रक्षण जास्त करते, आणि ते काम ती चोख करते.

केड मॅसी आणि अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी हिशेब केला, की एकाच जागेसाठी पाठोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के. नाणे उडवले तर ५० टक्के. वरचे दोन टक्के म्हणजे कम्बाइन, स्काउट, विमानभाडे, मोजपट्ट्या आणि वीत. थेलर यांना पुढे नोबेल मिळाले, यावरून अभ्यासविषयाच्या क्षुल्लकतेबद्दल कोणी न्यूनगंड बाळगू नये.

या सगळ्याला शिस्त लावण्याचा पहिला मोठा यत्न एका भारतीयाच्या हातून झाला, ही नोंद आपल्या वाचकांसाठी. १९६० च्या दशकात डॅलस काउबॉइजचे टेक्स श्रॅम यांनी खेळाडू निवडायला संगणक लावायचे ठरवले आणि आयबीएमच्या एका उपकंपनीतले सांख्यिकीतज्ज्ञ सलाम कुरेशी यांना गाठले. कुरेशी भारतातून गेलेले. क्रिकेट जाणत होते, अमेरिकी फुटबॉल नव्हे. त्यांनी स्काउटांच्या मनातले "गडी बरा आहे" हे शब्द सोडवून त्यांचे गुण केले: चपळाई, चुरस, बुद्धी, स्वभाव, ताकद. देहाबरोबर स्वभावालाही रकाना मिळाला. खेळ माहीत नसलेल्या माणसाने खेळाडूत काय पाहायचे ते खेळ जाणणाऱ्यांना शिकवले, आणि काउबॉइजची भरभराट झाली.

त्याच डॅलसमध्ये २०२३ साली ड्यूस वॉनचे नाव सहाव्या फेरीत पुकारले गेले. उंची ५ फूट ५ इंच. संघाचे एक स्काउट ख्रिस वॉन त्या वेळी तिथेच होते. ते त्याचे वडील. मुलाला बातमी द्यायला फोन त्यांच्याच हाती दिला. तेव्हा त्यांच्या घशातून शब्द फुटेना. या प्रसंगाला चौथ्या घाताचे सूत्र लागू पडत नाही, म्हणून तो मीमांसेबाहेर ठेवला आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोल जिंकला. भिंतीत मायलाटा उभा होता. ४६ यार्डांवरून चेंडू झेलून टचडाउन केला तो डेव्होंटा स्मिथने: हाइझमन विजेता, आणि ड्राफ्टच्या वेळी वजन १६६ पौंड, म्हणजे ७५ किलो. मायलाटाच्या निम्म्याहूनही कमी. राखीव क्वार्टरबॅक होता साडेआठ इंची वितीचा पिकेट. तिघांनाही अंगठी मिळाली. अंगठी मिळण्याआधी बोटाचे माप घेतातच.

परिशिष्ट

ड्राफ्टची प्रथा १९३६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात सुरू झाली. सर्वांत पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे. हाच पुढे हाइझमन म्हटल्या गेलेल्या ट्रॉफीचा पहिला मानकरी. देहही चांगला, कर्मही उत्तम. दोन्ही संप्रदायांना मान्य असा हा बहुधा शेवटचा उमेदवार. पैशांचे जमले नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता नोकरीला लागला. त्याची ती ट्रॉफी त्याच्या मावशीच्या घरी कित्येक वर्षे दाराला टेकू म्हणून होती. मावशीने ती भरीव आणि जड आहे एवढेच पाहिले होते.